चाकांवरची न्हाणी

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डरकडे मी माझी यादी घेऊन गेले, तेव्हा त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "मॅडम, इसमें धान कहाँ भरेगा?"

"धान नाही भरायचं. बहीण बसवायची आहे."

"बैठाओ ना. पच्चीस क्विंटल तक कुछ नहीं होगा."

बाईचं वजन त्याच्या जवळपासही नाही, हे मी त्याला सांगितलं. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. माझी बाई गोंदियातच, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. गेल्या काही वर्षांत तिचा प्रवास म्हणजे या दोन गल्ल्या. एका ऑपरेशननंतर तिला दर पाऊण तासाला बाथरूमला जावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही. एवढंच. बाकी प्रकृती ठणठणीत, जीभ तर विशेष. पण एवढ्या दोन गोष्टींपायी तिने लग्नं सोडली, बारशी सोडली, बाजार सोडला. बसस्टँडवर किंवा पेट्रोल पंपावर जाऊन "बाथरूम कुठे आहे?" असं विचारणं तिला जमत नाही. "अख्ख्या गावाले सांगत फिरू का मी, मले लागली म्हणून?" असं तिचं म्हणणं.

आणि केशोरीला आमची मावशी आहे. आई लवकर गेल्यावर आम्हा दोघींना तिनेच वाढवलं. ती आता अंगण ओलांडून गेटापर्यंत येते, तेवढाच तिचा प्रवास. दोघी रोज फोनवर बोलतात. दोघींना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोन गल्ल्यांपलीकडे मलाही सगळं कळतं. दरवर्षी दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि दरवर्षी मावशी विचारते, "येतेस का वं?" बाई म्हणते, "पुढच्या साली." मागच्या वर्षी मावशी म्हणाली, "पुढच्या सालाचं मले नको सांगू." त्यानंतर बाई दोन दिवस फोनवर बोलली नाही.

मी कागद घेतला आणि वर लिहिलं: बाईला केशोरीला नेणे. खाली अडचणी लिहिल्या. अडचणी दोनच निघाल्या आणि दोन्हींचं उत्तर एकच होतं, की न्हाणीघरच सोबत न्यायचं. जीपमागे ओढायची अशी न्हाणीसकट तयार गाडी मोठ्या शहरांत मिळते, पण मला ती पाहायला तिथपर्यंत जायचं नव्हतं. ट्रॉलीचा सांगाडा, चाकं आणि हूक इथे हमखास चांगले मिळतात. त्यावर पत्र्याची पेटी, आत एक पलंग, एक खिडकी, एक बेसिन, खुर्चीसारखं बसायचं संडासाचं भांडं, त्याच्याखाली बाहेर ओढून रिकामी करायची टाकी, आणि हातात धरायचा शॉवर. यादी पूर्ण. माझा नवरा म्हणाला, "छान आहे. याला पाणी कुठून येणार?"

खरं सांगायचं तर ती ओळ मी शेवटी लिहिली होती, आणि सगळा वेळ त्या ओळीनेच खाल्ला.

पहिल्यांदा पाण्याची टाकी छतावर बसवली. घरांना टाकी छतावर असते म्हणून. घराचं छत नळापासून दहा-बारा फूट उंच असतं आणि गाडीचं छत शॉवरच्या वर जेमतेम हातभर, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. शॉवर सुरू केला तर पाणी असं आलं, जसं कोणी वरून देवाला अभिषेक करतंय. बाईने तळहात खाली धरला, वाट पाहिली आणि म्हणाली, "आंघोळ होईपर्यंत मंडई उठून जाईल." शिवाय टाकी भरलेली असताना वळणावर गाडी अशी झुलायची की मागून येणारे लोक ओव्हरटेक करण्याचा विचार सोडून द्यायचे.

मग टाकी पलंगाखाली आली आणि प्लंबरने सांगितलं, पंप लावा. आमच्या भागात पाणी कमी येतं या तक्रारीवर एकच औषध आहे, पंप. त्यानेही भागलं नाही तर मोठा पंप. सकाळी नळ आले की गल्लीत प्रत्येक घरातून एक घरघर सुरू होते. आम्हाला त्याची इतकी सवय आहे की ती थांबली की जाग येते. त्यामुळे एका बेसिनला, एका शॉवरला आणि संडासाच्या एका नळाला आम्ही तो पंप लावला, जो आमच्या शेजाऱ्याकडे तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवतो. मला त्यात काही चूक दिसली नाही. इन्व्हर्टरवर तो छान चालला. शॉवर जोरात आला. तीन मिनिटांनी पलंगाखालून ओघळ आला.

प्लंबर आला. घरात टाकतात तसे कडक प्लॅस्टिकचे पाइप त्याने टाकले होते आणि प्रत्येक आट्यावर सुतळी गुंडाळून सफेद्याचा लेप फासला होता. लोखंडी पाइपवर त्याच्या वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, आणि तोही तेच करतो. एक सांधा गळला की तो पान्याने आवळायचा. आवळला की शेजारचा गळायचा. मी प्रत्येक सांध्याला खडूने नंबर दिला, एक ते अकरा, आणि प्रत्येकाखाली कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा ठेवला. तासाभराने जो तुकडा ओला, तो सांधा दोषी. प्लंबरला ही पद्धत अजिबात आवडली नाही.

"तुम्ही परीक्षा घेऊन राहिले का माझी?"

"चार आणि सात नापास आहेत."

"सात नंबर कालच टाइट केला ना मी!"

"म्हणूनच नापास आहे."

तो पान्याने इतका आवळत होता की प्लॅस्टिकच्या आट्याला केसासारखी चीर जात होती. हे मला तेव्हा समजलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की मंडईच्या दोन दिवस आधी अकराही कागद कोरडे निघाले. मी यादीत पाण्यापुढे बरोबरची खूण केली, दोनदा.

निघायच्या सकाळी बाईच्या अंगणात टाकी भरली. बाई आठ वाजल्यापासून साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चेहरा असा, जसं तिला शाळेत सोडायला नेतोय. "मधातच काही झालं तर?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"काही होणार नाही. सगळं तपासलं आहे."

"तुह्या तपासन्यालेच भेव लागते मले."

मग तिने नवऱ्याला गाठलं. "जवाई, एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. पानी गेलं तं गाडी फिरवाची. केशोरी किती का जवळ असे ना. अन पुन्हा मले कुठं चाल म्हनू नका."

नवरा हो म्हणाला. ती बोलते ते करते, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. म्हणजे हे एकदाच होणार होतं.

जीपमागे ती पेटी ओढत आम्ही गोरेगाव, कोहमारा करत निघालो. धानाची कापणी सुरू होती, रस्त्याच्या कडेला लोक थांबून आमच्याकडे बघत होते. गाडी चालू असताना कोणी मागच्या पेटीत बसायचं नाही, हा नियम माझाच. बाई जीपमध्ये, मागच्या सीटवर. पाऊण तास झाला की नवरा सावलीत गाडी थांबवायचा, बाई मागे जायची, आम्ही दोघं पुढे जाऊन झाडं बघायचो. पहिल्यांदा परत येऊन तिने पिशवी पुन्हा मांडीवर घेतली. दुसऱ्यांदा, नवेगावच्या अलीकडे, तिने विचारलं, "आरसा का नाही लावला वं तिथं?" मी लगेच लिहून घेतलं. आरसा मागतेय म्हणजे तिला पटतंय.

अर्जुनी मोरगावला भर चौकात, दुपारच्या गर्दीत, तिसऱ्यांदा थांबलो. बाई आत गेली. थोड्या वेळाने दाराला आतून टकटक झाली.

"पानी नाही येऊन राहिलं."

मी दार ढकललं. बेसिनच्या नळाला शिवणाच्या दोऱ्याएवढी धार होती. पंप घोंघावत होता. आणि पलंगाखालून पाणी वाहत येऊन तिच्या चपलांपर्यंत पोचलं होतं. म्हणजे जिथे हवं तिथे पाणी नाही, आणि जिथे नको तिथे भरपूर. अकरापैकी किती सांधे गेले ते मोजायला मी खाली वाकले, तर मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. अडीच तास खड्डे खाऊन ते कडक पाइप कोपऱ्या-कोपऱ्यात तडकले होते.

"बादली आणते," मी म्हणाले. "एका बादलीने काम होईल."

"कुठून आनतेस?"

"समोरच्या दुकानातून."

"अन काय सांगशीन? गाडीत कोन बसली आहे अन कायले पानी पाहिजे? इथं बाजार भरला आहे." तिचा आवाज बारीक झाला. "जवाईले म्हना, गाडी फिरवा."

केशोरी तिथून अगदी जवळ होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने चौकाकडे पाहिलं. आमच्यासमोर फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. ओसरीवर पाठीवर अडकवायचे पिवळे-निळे पंप ओळीने लटकवलेले. दुकानदार साठीचा माणूस, चष्मा कपाळावर. तो आमची पेटी बघायला आधीच उठून आला होता, आणि खालून टपकणारं पाणी त्याने बोटाला लावून पाहिलं.

"याच्यात काय आहे गा?" त्याने नवऱ्याला विचारलं.

नवऱ्याने विचारल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी काही चांगलं उत्तर शोधत होते, तेवढ्यात दुकानामागच्या घरातून त्याची बायको आली. तिने एकदा गाडीकडे, एकदा दारात उभ्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही न विचारता आत गेली आणि भरलेली बादली, वर मग, कमरेवर घेऊन सरळ चौकातून चालत आली. बाईने दार लावायचा प्रयत्न केला.

"सर ना बाजूले, माय. बादली जड आहे."

"लोक पाहून राहिले," बाई पुटपुटली.

"पाहू दे ना. कोनाले नाही लागत? त्याइले नाही लागत का?" तिने चौकाकडे हात केला. चौकातले दोन-तीन जण खरंच दुसरीकडे बघायला लागले.

बाईने बादली घेतली आणि दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा दुकानदाराची बायको तिला हाताला धरून ओसरीवर घेऊन गेली, खुर्ची दिली, आणि चहा टाकायला गेली. बाईने "गाडी फिरवा" हे पुन्हा म्हटलं नाही. पण "चला" असंही म्हटलं नाही. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. मी त्यावर नजर ठेवून होते.

दुकानदार पलंगाखाली आडवा झाला. तिथूनच त्याचा आवाज आला.

"इतका मोठा पंप कायले लावला गा? विहीर उपसाची होती का?"

"पाणी कमी येत होतं," मी म्हणाले.

"अन पाइप घरातले टाकले. घर रस्त्यानं चालते का ताई?"

तो बाहेर आला आणि भिंतीवरचा एक फवारणी पंप उघडून मला दाखवला. आत मुठीत मावेल एवढी मोटर होती. बॅटरीवर थेट चालते, नळ उघडला की सुरू, बंद केला की दाब भरून आपोआप थांबते. पाइप मऊ, लवचिक, शेतात कसाही वाकवा. आणि सांध्यांवर सुतळी नाही, पान्याची कुस्ती नाही, स्टीलच्या क्लिपा, स्क्रूड्रायव्हरने आवळायच्या. "मानूस हे पाठीवर घेऊन धानाच्या बांधीतून दिवसभर फिरते," तो म्हणाला. "तुमची गाडी काय त्याच्यापेक्षा जास्त हलते?"

ओसरीवरून बाई पहिल्यांदा बोलली. "औषध मारलेला पंप मी तोंड धुवाले नाही वापरनार."

"नवा कोरा देतो, माय. डबा तुमच्यासमोर फोडतो."

"डबा इकडं आन. मी फोडतो."

तिने पिशवी खाली ठेवली, चष्मा लावला, डब्यावरचं सील बघितलं आणि स्वतः फोडला. मग तिने चहाच्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात पाइपांची टोकं बुडवून धरली. त्याने ती मऊ होऊन नळाच्या तोटीवर सहज चढत होती. हे काम तिला दुकानदाराच्या बायकोने दिलं. चहा त्यामुळे उशिरा झाला, पण बाईला काम मिळालं. मी क्लिपा मोजून देत होते. नवरा पाना घेऊन जुने पाइप काढत होता. दुकानदाराने नवा पाइप बसवताना तो ताणला नाही, प्रत्येक वळणाला थोडा ढिला, वेटोळं करून सोडला, म्हणजे खड्ड्यात गाडी उडाली तर पाइप डोलेल, तुटणार नाही.

"आता टाकी पाहू," तो म्हणाला.

"टाकी ठीक आहे," मी म्हणाले. "ती मी स्वतः भरली. दोन वेळा तपासून."

त्याने खांदे उडवले आणि बटण दाबलं. छोटा पंप टरटरला. पाइपाचा एकही सांधा गळला नाही. आणि नळाला पुन्हा दोऱ्याएवढी धार आली.

बाईचा हात पिशवीकडे गेला.

"टाकी पाहू," दुकानदार पुन्हा म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. त्याने झाकण काढलं, बाही खांद्यापर्यंत सरकवली, हात आत घातला, तळाशी चाचपला आणि ओढायला लागला. आधी एक कोपरा आला. मग आणखी. मग जवळजवळ हातभर लांब, माझ्याच जुन्या सुती ओढणीचं दुपदरी फडकं बाहेर आलं.

आमच्या घरात पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कुठल्याही भांड्यात पडत नाही. फिल्टर आला तरी फडकं गेलं नाही. सकाळी टाकीच्या तोंडावर मी ते नीट बांधलं होतं, यादीत तसं लिहून खूणही केली होती. भरताना पाइपाच्या जोराने ते सुटून आत गेलं, आणि मी वरून झाकण लावलं. गाडी हलत गेली तसं ते तळाशी जाऊन पंपाच्या तोंडाला चिकटलं होतं. तो मोठा पंप चौकात आल्यावर जीव तोडून माझी ओढणी ओढत होता.

"यादीत फडकं बांधणे आहे," नवरा माझी वही उघडून म्हणाला. आणि पान उलटलं. "काढणे नाही."

मी वही त्याच्या हातातून घेतली.

बाई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर बाजूला करून. हसता हसता खुर्चीला धरून उठली, ते ओलं फडकं दुकानदाराकडून घेतलं आणि पिळलं. "मले वाटे, माह्याच शरीरात खोट आहे," ती म्हणाली. "हिच्या टाकीतही आहे." मग ती अचानक थांबली, दुकानदाराच्या बायकोकडे वळली आणि पूर्ण ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मले पुन्हा जावं लागते. थांबा सगळे."

ती गाडीत गेली. आम्ही सगळे थांबलो. आतून नळाचा आवाज आला, चांगला भरदार. मग नळ बंद झाला, पंपही लगेच गप्प बसला. दुकानदार मान हलवत क्लिपांचा डबा बंद करायला गेला.

बाहेर आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "चाला जवाई. मंडई का आपल्यासाठी थांबनार आहे?"

केशोरीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मावशी गेटाला धरून उभी होती. दोघी एकमेकींना काय म्हणाल्या ते मला सांगता येत नाही, कारण दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींनाही ऐकू येत नव्हतं. मग मावशीने गाडीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आनलंस?"

"न्हानी आहे," बाई म्हणाली. "चाल, दाखवतो."

मावशीला तिने हाताला धरून दोन पायऱ्या चढवल्या. मी पाठोपाठ जाणार होते, पण दार माझ्या नाकावर बंद झालं. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. पंप सुरू झाला. मावशीची एक किंकाळी आली.

"जोर कमी कर वं! मारून टाकतेस का?"

"आंग तं भिजवू दे! कवापासून अशी आंघोळ केली नाही तू?"

"अशी कदीच नाही केली."

मग बराच वेळ पाण्याचा आवाज आणि दोघींचं हसणं. मावशी केस ओले घेऊन, बाईची साडी नेसून बाहेर आली तेव्हा गेटाशी आठ-दहा बायका जमल्या होत्या. त्यांना आत काय आहे ते पाहायचं होतं. बाई दारात उभी राहून एकेकीला आत सोडत होती आणि प्रत्येकीला सांगत होती, खुर्चीसारखं आहे, गुडघे वाकवावे लागत नाहीत, लाजू नको, बस. टाकी संध्याकाळपर्यंत दोनदा भरावी लागली. दोन्ही वेळा मी फडकं बांधलं आणि मोजून काढलं.

आम्ही एका रात्रीच्या तयारीने आलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडईत फिरून, जिलबी घेऊन परत निघायचं ठरलं होतं. मंडई फिरून आल्यावर मी पिशव्या भरल्या, बाईची पिशवीही भरली आणि जीपमध्ये ठेवली. तिने ती काढून परत घरात नेली.

"तुम्ही दोघं जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी राहतो. मावशीची आंघोळ व्हाची आहे रोज."

"किती दिवस?"

"तुह्या वहीत लिहासाठी विचारतेस का?"

मी हो म्हणाले.

"मंग लिहू नको," ती म्हणाली आणि टाकीचं झाकण उघडून आत डोकावून पाहायला गेली.

नवऱ्याने गाडीचा हूक सोडवला. चाकांखाली दोन विटा सरकवल्या, पेटी अंगणात जांभळाच्या सावलीत लावली. मी तिला बॅटरीचं बटण, संडासाची टाकी रिकामी करायची पद्धत, जास्तीच्या सहा क्लिपा, सगळं एकदा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग मावशीला तेच सगळं पुन्हा मोठ्या आवाजात सांगितलं, माझ्यापेक्षा बरंच सोपं करून. आम्ही निघालो. मागे ओढायला काही नसल्यामुळे जीप हलकी पळत होती, आणि पाऊण तास झाला तेव्हा नवऱ्याने सवयीने एका झाडाखाली गाडी थांबवली. आम्ही दोघं उतरून झाडं बघायला लागलो. मग तो म्हणाला, "आता इथे कशाला थांबलो?" आणि आम्ही पुढे निघालो.